पत्रावळीवर वाढलेल्या गोळ्या

इहीणबाईनं माह्या पत्रावळीवर गोळ्यायचं पाकीट वाढलं.

करडी गावाले पोरीच्या सासरी पंगत बसली होती. नवं धान घरात आलं होतं, त्याच्या पहिल्या भाताचं जेवण होतं. पोरीच्या सासऱ्याची राईस मिल आहे, म्हणून पंगतीत गावातले मोठे मोठे लोक. मी पोरीचा बाप, म्हणजे इवाई. मले मानानं पहिल्या ओळीत बसवलं. पळसाची पत्रावळ, तिच्यावर भाताचा डोंगर, भातावर वरण, वरणावर तूप. कोणी अजून घास उचलला नव्हता. पोरीची सासू वाढत वाढत माह्यापर्यंत आली. तिनं पदराआडून पाकीट काढलं अन् भाताच्या बाजूले ठेवलं. लोणचं वाढते तसं.

"घ्या इवाई. तुमच्या घरचं पक्वान्न."

चष्मा खिशात होता. मले वाटलं, बडीशेप असंल. मी हसलो.

मंग ती पंगतीकडे वळली. आवाज चढवला. "आमची सून हे चोरून खाते. मेडिकलवाल्याले विचारलं आमी. पोर न होन्याची गोळी आहे. ह्या घराचा वंश बुडवाले पाठवली इवायानं."

पंगतीच्या त्या टोकाले कोणीतरी फिसकन हसलं. जावई आपल्या पत्रावळीत पाहत बसला, जसं काही भातात त्याचं नाव लिहिलं होतं. माही पोरगी रोशनी सैपाकखोलीच्या दारात उभी होती. हातात पाण्याचा जग. चेहरा पांढरा.

अन् मी काय केलं? हात जोडले.

मी विणकर माणूस. चौथी शिकलो. भंडाऱ्याच्या आमच्या मोहल्ल्यात बापजाद्यापासून माग आहे. कापड नेऊन व्यापाऱ्याच्या गादीसमोर उभं राहाचं, तो कापड बोटानं चोळते, नाक मुरडते, अन् आपण हात जोडून "हो जी, हो जी" म्हणाचं. ती सवय हातालेच लागली. डोस्कं नाही म्हणते, तरी हात आपोआप जुळते. त्या दिवशी तसेच जुळले.

त्या गोळ्या कशाच्या होत्या ते आता सांगतो. त्या पंगतीत मले कोणी पुरतं सांगू देलं नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, जिल्हा तुटला, तवा रोशनी मायच्या पोटात होती. एकुलती एक. शांत पोरगी. शाळेतून आली का मायच्या बाजूले बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरे. मोठी झाली, पाळी आली, अन् पाळीचं गणित काही बसेना. कधी महिनोन् महिने नाही, कधी आली का थांबत नाही. खाणं तेच, पण अंग सुटलं. हनुवटीवर केस आले. अन् सगळ्यात वाईट म्हणजे मनाचं. सकाळी गाणं म्हणत अंगण झाडे, दुपारी त्याच अंगणात बसून रडे. विचारलं, "काहून रडतं वं?" तर म्हणे, "मले मालूम नाही बाबा." एकदा तिनं मायवर ताट फेकलं. मंग दिवसभर मायचे पाय धरून बसली.

मोहल्ल्यातले म्हणाले, बाहेरचं आहे. कोणी म्हणे लिंबू उतरवा, कोणी म्हणे लग्न करून टाका. माही बायको कोणाचं ऐकणारी नव्हती. ती पोरीले घेऊन सरळ दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईनं सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, म्हणे पीसीओएस आहे. पोटातल्या अंडाशयाचं काम बिघडते, शरीरातले रस वरखाली होते, त्याच्यानं पाळी बिघडते, केस येते, वजन वाढते. मनबी त्याच्यासंगं वरखाली होते.

बायकोनं विचारलं, "येडी तं नाही ना होनार?"

डॉक्टरीण म्हणे, "कोनी सांगितलं येडी? बिमारी आहे. साखरेवाल्या मानसाले जशी साखरेची बिमारी, तशी हिले ही. गोळी खावी लागते, पोट सांभाळावं लागते, चालावं लागते. एका दिवसात होत नाही. मधीच सोडाचं नाही."

एक गोळी पाळी लाईनीवर आणाले. तीच गोळी बाया पोर थांबवाले खाते, हे डॉक्टरीणनं तवाच सांगितलं होतं. म्हणे घाबरू नका, हिले ती पाळीसाठी आहे, पोर पाहिजे तवा सांगा, औषध बदलून देईन. दुसरी गोळी साखरेवाले खाते ती. अन् खाण्याचं सांगितलं. भात बंद नाही, पण आधी डाळ, भाजी, अंडं, मासोळी, अन् मंग थोडा भात. ज्वारीची भाकर चालते. गोड चहा नाही.

आता आमचा भंडारा भाताचा. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, पावण्यालेबी भात. माही बायको सकाळ-संध्याकाळ भाकरी थापाले बसली. तिच्या हाताले सवय नव्हती, भाकर तव्यावर फुटे. रोशनी म्हणे, "माय, तुही भाकर भंडारा जिल्ह्यासारखी आहे, मधातून तुटते." अन् दोघी हसत.

पोरगी सुधरली. हळू हळू. एकदम नाही. रडणं कमी झालं. राग येई, पण येण्याच्या आधी तिले समजे. म्हणे, "माय, आज मले बोलू नको, आज माहा दिवस नाही." माय म्हणे, "बरं बाई, नाही बोलत." बस. एवढंच लागे.

मंग करडीचं स्थळ आलं.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी इहीणबाई आमच्या घरी आली होती. माही बायको तिले मागाच्या खोलीत घेऊन आली. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो होतो, कोशाच्या रेशमाचा शेला विणून राहिलो होतो. बायको म्हणाली, "इहीणबाई, मी लपवत नाही. पोरीले पाळीची बिमारी आहे. गोळ्या चालू आहे. भात कमी खाते. कधी चिडते, कधी रडते, ते तिच्या हातात नाही. समजून घेत असाल तं देतो पोरगी. नाही तं चहा घ्या अन् रागावू नका."

इहीणबाई शेल्याच्या काठावर बोट फिरवत होती. म्हणाली, "अवं बाई, लग्न झालं का सगळं जागेवर येते. एवढं काय त्याच्यात. हा शेला कोनासाठी?"

बायको म्हणाली, "इवायासाठी."

माह्या कानानं ऐकलं हे. धोटा हातात होता. मी होतो तिथं. पण विणकराच्या खोलीत विणकर म्हणजे मागाचंच एक लाकूड. त्याच्यासमोर कोणीबी काहीबी बोलते, अन् मंग म्हणते, कोणी ऐकलं?

त्या शेल्याच्या कांड्या सगळ्या बायकोनं भरल्या होत्या. लग्नात मी तो माह्या इवायाच्या, म्हणजे पोरीच्या सासऱ्याच्या खांद्यावर घातला. इवाई खुश. त्याच्यानंतर गावातल्या प्रत्येक मोठ्या कार्यात तोच शेला. "आमच्या इवायाच्या हातचा आहे," असं सांगे. विणून पोट भरणारे म्हणून आमी त्यायच्या मनात खालचे, पण शेला खांद्यावर वरचा.

लग्न झालं अन् भाताचा डोंगर सुरू झाला. राईस मिलवाल्याच्या घरची सून भात खात नाही, म्हणजे घरच्या लक्ष्मीले लाथ. सासू ताटात वाढे अन् समोर बसे. खाल्ल्याशिवाय उठू देत नसे. भाकर थापली तर म्हणे, "आमच्या घरी जनावराचं खानं मानसं खात नाही." गोळ्या डब्यातून गायब होऊ लागल्या. मधीच गोळी बंद, मधीच सुरू, पाळी पुन्हा बिघडली, मन पुन्हा बिघडलं. रोशनी दार लावून रडे. मंग सासू शेजारणीले म्हणे, "अंगात येते तिच्या." हनुवटीवरचे केस पाहून पोरी-सोरीसमोर विचारे, "काय वं, दाढी कराले वस्तरा देऊ का?"

उन्हाळ्यात माही बायको गेली. छातीत कळ आली, दवाखान्याच्या दारात गेली. आता ज्या घरात दोघींचं हसणं होतं, त्या घरात मागाचा आवाज, अन् तो बंद केला का काहीच नाही. मी तेरवीलेबी रडलो नाही. मले वाटलं, आपलं सगळं संपलं, आता काय राहिलं. पोरगी फोनवर एवढंच म्हणे, "मी बरी आहो बाबा." मले बाईमाणसासारखं विचारता येत नव्हतं, पाळी आली का, गोळी घेतली का. जीभच वळे नाही.

आता पुन्हा पंगतीत या.

मी हात जोडून बसलो. म्हणलं, "इहीणबाई, ती गोळी पाळीची आहे. रोशनीच्या मायनं तुमाले सांगितलं होतं. साक्षगंधाच्या आधी. मी होतो तिथं."

इहीणबाई म्हणाली, "मले कोनी काही सांगितलं नाही. देवाशपथ."

मंग इवाई बोलला. माह्या समोरच बसला होता, शेला खांद्यावर, हात भातात. पंगतीकडे पाहून, मिशीत हसून बोलला, "इवाई गरीब मानूस आहे, त्याले काय मालूम. इहीण मोठी हुशार होती. मरता मरता खोटा माल खपवून गेली. आमी व्यापारी असून फसलो."

अख्खी पंगत हसली.

खोटा माल. माही पोरगी. अन् खपवणारी कोण, जी उत्तर द्याले उठून येऊ शकत नाही ती. जिनं तोंडावर खरं सांगितलं होतं ती.

माहे हात सुटले. कसे सुटले मले मालूम नाही. जन्मभर जुळलेले हात, ते सुटले.

मी उठलो. वाढलेल्या पत्रावळीवरून, घास न घेता. आमच्याकडे असं कोणी उठत नाही. उठला तर ते घर वर्षानुवर्षे बोलते. बाजूचा म्हणाला, "बसा जी, बसा, अन्नाचा अपमान नका करू." मी म्हणलं, "अन्नाचा तुम्ही केला. मी तं अजून खाल्लंबी नाही."

गोळ्यायचं पाकीट उचललं. त्याले भाताची शितं चिकटली होती. इवायासमोर गेलो, वाकलो. त्याले वाटलं पाया पडतो. त्यानं हात वर केला आशीर्वादाले. मी शेल्याचं टोक धरलं अन् ओढलं.

"हा खरा माल आहे," मी म्हणलं. "हा तुमच्याकडे नाही राहत."

त्यानंबी धरला. भाताच्या हातानं. दोन म्हातारे पंगतीच्या मधात शेला ओढून राहिले. कोसा मजबूत असते, फाटत नाही. पण त्याच्या हाताले तूप होतं. सुटला.

मी पाकीट शेल्याच्या टोकात बांधलं, गाठ मारली, अन् रोशनीले म्हणलं, "चाल वं."

तिनं जग खाली ठेवला. म्हणाली, "बाबा, चप्पल आतमधी आहे."

"राहू दे."

"नाही. मायनं घेऊन देली होती."

ती आत गेली. सगळे पाहत होते. चप्पल घालून आली, सासूच्या बाजूनं निघाली, थांबली नाही. जावई अजून पत्रावळीतच पाहत होता. त्याले म्हणावं, पाह्य. आतापर्यंत भात थंडा झाला असंल.

घरी आणली, पण आणल्यानं बरी होत नाही. डॉक्टरीणनं पुन्हा सगळं तपासलं. गोळ्या पहिल्यापासून. म्हणे मनावर लई ताण आहे, मनाच्या डॉक्टरलेबी दाखवा. मोहल्ल्यात कुजबुज झाली, येड्याच्या डॉक्टरकडे नेलं. मी चौकात उभं राहून सांगितलं, "हो, नेलं. तुमाले याचं आहे का? जागा आहे रिक्षात."

भाकर मी शिकलो. ह्या वयात, बायकोच्या परातीत. माही भाकर बायकोपेक्षाबी वाईट. पहिल्या दिवशी रोशनीनं ती हातात धरली, उजेडात पाहिली, म्हणाली, "बाबा, ही विणली का थापली?" मी तिच्याकडे पाहतच राहिलो. किती दिवसांनी बोलली होती अशी.

सकाळी दोघं कारध्याच्या पुलापर्यंत चालत जातो. ती पुढं, मी मागं. वैनगंगेवर वारा लागते. जेवणात आधी डाळ-भाजी, अंडं, मंग मूठभर भात. गोळी जेवणानंतर, माह्या डोळ्यासमोर. आता मी विचारतो. "पाळी आली का वं?" पहिल्यांदा विचारलं तवा आमी दोघंबी भिंतीकडे पाहत होतो. आता जिभेले सवय झाली. बायको असती तर तिनं विचारलं असतं. ती नाही, तर मी विचारीन.

वाईट दिवस अजून येते. एका दुपारी मी बाहेर गेलो होतो. परत आलो तर तिनं कैची घेऊन मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, कापला होता. अर्धा ताणा लोंबत होता. ती खड्ड्यात बसून होती, कैची मांडीवर. म्हणाली, "बाबा, मी गोळी घेतली होती. तरी झालं."

मी कैची उचलली, खुंटीवर ठेवली. म्हणलं, "डॉक्टरीणनं सांगितलं होतं ना, कधी कधी होईल म्हणून. झालं. उद्या दाखवून येऊ." अन् धागे जोडाले बसलो. थोड्या वेळानं तीबी जोडू लागली. एक टोक तिचं, एक माहं. त्या दिवशी मी करडीवाल्यायले जेवढ्या शिव्या देल्या मनातल्या मनात, तेवढ्या धाग्यायच्या गाठी होत्या. अन् विणकराच्या ताण्यात धागे किती असते ते विणकराले विचारा.

मंग समाजाची बैठक बसली. करडीवाल्यायनं बोलावली. समाजाचे अध्यक्ष म्हणाले, इवायाच्या खांद्यावरचा शेला भर पंगतीत ओढला, पत्रावळीवरून उठले, हे शोभलं नाही. माफी मागा, शेला परत घाला. पोरीले ते घेऊन जातीन. पण घरात जे शिजते ते खाईल, अन् गोळ्या बंद. नाही तर येडी म्हणून सोडचिठ्ठी लिहून घेतीन.

मी काही बोलण्याच्या आधी रोशनी उभी झाली. बैठकीत बाया उभ्या होत नाही.

"मी येडी नाही," ती म्हणाली. "मले बिमारी आहे. आज मी गोळी खाऊन आली. म्हनून एवढं शांत बोलून राहिली. नाही तं तुमाले दाखवलं असतं."

मागं कोणीतरी हसलं. ह्या वेळचं हसणं दुसरं होतं. आमी निघून आलो. मंग मी वकील केला. केस कोर्टात आहे, कागदावर माही पोरगी अजून त्यायची सून आहे.

तरी ते जावयासाठी दुसऱ्या पोरी पाहत फिरून राहिले. मले समजलं, शहापूरले जाणार आहे. हायवेच्या बाजूचं घर, कापडाचं छोटं दुकान, पोरगी वयात आलेली. त्यायले सांगितलं होतं, पहिली येडी निघाली, तिच्या मायनं लपवलं होतं. पुन्हा तेच. मेलेल्या बाईवर.

मी धुतलेलं धोतर घातलं. शेला खांद्यावर घेतला. रोशनी म्हणाली, "बाबा, सोडून द्या आता."

तिनं सोडलं असंल. तिनं सोडावं, तिच्या तब्येतीले ते बरं. मी सोडलं नाही.

बसनं गेलो. पोरीच्या बापाच्या खाटेवर जाऊन बसलो. शेल्याची गाठ सोडली, पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. भाताची शितं सुकून त्याच्यावर तशीच होती. म्हणलं, "हे मले पंगतीत वाढलं होतं. कोनी वाढलं ते आता येऊन राहिले." अन् सगळं सांगितलं. मागाची खोली, बायकोचे शब्द, इहीणबाईचं बोट काठावर. पोरीची माय दारामागं उभी राहून ऐकत होती. तिनं चहा आणला, माह्या हातात देला, अन् तिथंच बसली. बापानं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. पोरीले आवाज देऊन म्हणाला, "कपडे बदलून टाक बाई."

गाडी आली. इवाई उतरला, इहीणबाई उतरली, जावई उतरला. दारात थांबले. शेला माह्या खांद्यावर.

"तुम्ही इथं काहून?" इवाई म्हणाला.

"बसा इवाई," मी म्हणलं. "तुमचंच बोलून राहिलो."

ते बसले नाही. गाडी फिरली अन् निघून गेली.

आता ऐकतो का भंडारा सोडून ते गोंदियाकडे स्थळं पाहून राहिले. तिकडं आपल्याले कोण ओळखते, असं त्यायले वाटते. पाहू द्या. पाकीट मी पुन्हा शेल्याच्या टोकात बांधून ठेवलं आहे. माह्या बायकोनं खरं सांगितलं होतं, हे त्यायच्या तोंडातून चार माणसात निघत नाही तोवर ज्या दारात ते जातीन, त्या दाराच्या आत मी आधी बसलो असीन.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला असंल. बस जाते तिथं.